हौसेला मोल नाही म्हणे

'हौसेला मोल नाही' ही म्हण ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारली त्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक असणार. ज्याला हौस आहे त्याने किमतीची कुरकुर करू नये, एवढाच तिचा साधा अर्थ. आज ती आमच्या तोंडावर फेकली जाते तेव्हा पुरती उलटी झालेली असते. हौस मागणाऱ्याची, आणि मोल नाही ते करणारीच्या हातांना. सुनेचा पहिला सण तुमचा, नातवाचं बोरन्हाण तुमचं, फोटो तुमचे, कौतुक तुमचं. यात माझी हौस कुठून आली?

मी हलव्याचे दागिने करते. संक्रांतीला नव्या सुनेला काळ्या साडीवर आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बोरन्हाणात घालतात ते, साखरेच्या काटेरी दाण्यांचे. राहते होसकोट्यात. बंगळुरूहून कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, ही माहिती माझ्या घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा मला नव्याने देतो. ती देऊन झाली की तो घसा खाकरतो आणि त्याची बायको म्हणते, "अगं, तुझ्याकडे एक छोटंसं काम होतं."

छोटंसं. या शब्दापासूनच माझं भांडण सुरू होतं. बाईचा पूर्ण संच म्हणजे मंगळसूत्र, तनमणी, हार, कानातले, नथ, बिंदी, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा आणि वेणी. जावयाला हार, गुच्छ आणि नारळ. हल्ली त्याच्या मनगटावर हलव्याचं घड्याळही हवं असतं. मोठा हलवा मी पुण्याहून मागवते. नथीला आणि तनमण्याला लागणारा बारीक दाणा मात्र घरीच करावा लागतो. परातीत खसखस घ्यायची, परात मंद आचेवर ठेवायची, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर काटा येत नाही. हे एका बैठकीत होत नाही. दोन-तीन दिवस थोडं थोडं करावं लागतं आणि बोटांची टोकं भाजून बधिर होतात. मग दागिना. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पडत नाही, तो फुटतो. म्हणून प्रत्येक दाण्याला दोऱ्याचा फास द्यायचा, गाठ आवळायची, पुढचा दाणा. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवले की काम चौथ्या हिश्श्यात होतं, आणि मोठ्या माणसांच्या दागिन्यांना कुणी तसं केलं तर माझी हरकत नाही. पण बोरन्हाणातलं बाळ मुकुट डोक्यावर ठेवत नाही, तो काढून तोंडात घालतं. त्याच्या तोंडात मी गोंद जाऊ देणार नाही. माझा हात या कामावर वीस वर्षं बसलेला आहे, तरी बाईच्या एका संचाला सोळा तास लागतात.

"तुझ्या हाताला काय गं, बसल्या बसल्या होऊन जाईल."

बसल्या बसल्या तर हिशेबनीसही काम करतो. दातांचा डॉक्टर उभा राहून करतो म्हणून त्याला पैसे देतात असं नाही. पण बाई घरात बसून हाताने काही करत असली की ते काम दिसत नाही, तिचं बसणं तेवढं दिसतं. सरकारनेच २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे बाईचे पाच तास आधीच खर्ची पडलेले असतात. त्यानंतर उरतो त्याला आपण 'फावला वेळ' म्हणतो, आणि तो पाहुण्यांच्या मालकीचा आहे असं धरून चालतो.

यातलं सर्वांत जिव्हारी लागणारं वाक्य फुकट्यांचं नसतं, ते उदार माणसांचं असतं. "साहित्याचे पैसे देऊ की!" हे म्हणताना समोरच्या बाईचा चेहरा अगदी प्रसन्न असतो, आपण फुकट काही घेत नाही याचं समाधान त्यावर असतं. मी हे वाक्य पुष्कळ वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. त्याचा अर्थ असा, की साखरेला किंमत आहे, दोऱ्याला आहे, जरीच्या किनारीला आहे, कुरियरवाल्याला आहे. या सगळ्यांना जिने एकत्र आणून दागिना केला, तिचे सोळा तास तेवढे हवेसारखे, सगळ्यांचे आणि कुणाचेच नाहीत. साधा फुकट मागणारा निदान सगळंच फुकट मागतो. हा मात्र प्रत्येक वस्तूचा भाव विचारून माझ्यापाशी येऊन थांबतो.

हिशेबच मांडायचा तर साहित्य सातशेचं. संचाचे मी पंधराशे घेते. उरले आठशे, भागिले सोळा. तासाला पन्नास रुपये. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा माणूस उंबरठा ओलांडायचेच तीनशे घेतो आणि त्याला कुणी "तुझ्या हाताला काय रे" म्हणत नाही. आणि मी पंधराशे म्हटलं की पलीकडे जी शांतता पसरते, ती मला आता ओळखीची झाली आहे. "बाहेर आठशेला मिळतो" हे त्यानंतरचं वाक्य. मिळतो ना, मग बाहेरून घ्यावा. त्या आठशेच्या संचात कुणाचे तरी किती तास किती स्वस्तात गेले असतील, हा विचार मात्र घ्यायच्या आधी करावा.

होसकोट्यात पहाटेची बिर्याणी मिळते. ती खायला बंगळुरूच्या पार दुसऱ्या टोकाहून लोक रात्री तीनला उठून गाड्या काढतात, अंधारात थंडीत रांगेत उभे राहतात, रोख पैसे मोजतात आणि मिळाली याचा आनंद मानून परत जातात. त्यांच्यात मराठी माणसं भरपूर असतात. काही बिर्याणी झाल्यावर, जवळच आहे म्हणून, माझ्याकडे चहाला येतात. त्या रांगेत उभं राहून "साहित्याचे देतो, तांदूळ नि मटण काय लागलं ते सांगा" असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणजे माणसांना हाताच्या कामाची किंमत कळत नाही असं मुळीच नाही. कुणाच्या हाताला ती द्यायची आणि कुणाच्या नाही, हे त्यांचं पक्कं ठरलेलं आहे.

इथल्या कन्नड शेजारणींचा अनुभव निराळा आहे. संक्रांतीत जुन्या म्हैसूर भागात 'सक्करे अच्चु' करतात, लाकडी साच्यातून काढलेली साखरेची चित्रं. त्यामुळे साखरेचं काम म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही. पलीकडच्या घरातल्या आजींनी नातवाच्या फोटोसाठी मुकुट आणि बासरी हवी म्हणून पहिला शब्द उच्चारला तो "एष्टु?", म्हणजे किती. यावरून कन्नड माणसं उदार आणि मराठी माणसं चिकट, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. त्यांच्या सुनेला भरतकाम येतं आणि तिच्या माहेरची माणसं तिच्याशी काय करतात ते मी पाहिलेलं आहे. मुद्दा वेगळा आहे. त्या आजींच्या लेखी मी परकी, म्हणून त्या भाव विचारतात. जी मला 'आपली' म्हणते ती विचारत नाही. आपलेपणाचा अर्थ किमतीतली शंभर टक्के सूट असा होऊन बसला आहे, आणि ही सूट एकाच बाजूने मिळते. आपलेपणाने कुणी मला तीनशे जास्त देऊ केले, असं अजून घडलेलं नाही.

मागणाऱ्यांत आणखी एक जात आहे, ती स्वतःसाठी मागतच नाही. 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः लागू पडावी, हा भाषेचा विनोद आहे. ननंद तिच्या मैत्रिणीला सांगून मोकळी होते, "माझी वहिनी करून देईल, तिला आवड आहे." एका मंडळाने तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर 'नववधूंना हलव्याचे दागिने सप्रेम भेट' असं छापून मग मला कळवलं. सप्रेम त्यांचं, भेट माझी. मी दर कळवला तेव्हा उत्तर आलं की आपल्या कलेची प्रसिद्धी होईल. सभागृहाचं भाडं, मंडपवाला, केटरर, ध्वनिक्षेपकवाला, यांच्यापैकी कुणाला त्यांनी प्रसिद्धी देऊ केली होती का, असं मी विचारलं. त्याला उत्तर आलं नाही आणि नववधूंना शेवटी स्टीलचे डबे मिळाले.

आता प्रेमाचा मुद्दा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. मीही देते. मैत्रिणीच्या मुलीला लग्न होऊन परदेशी जाताना मी न सांगता नथ करून दिली आहे आणि पुढेही देईन. पण कुणाला, केव्हा, काय, हे मी ठरवलं तर ती भेट. तुम्ही ठरवलंत, रंग सांगितलात, तारीख दिलीत, आणि वर "बाजूबंद जरा रुंद कर" म्हणालात, तर ती ऑर्डर. ऑर्डरीला प्रेम म्हणायची सोय एकाच बाजूला आहे. मागून घेतलेल्या वस्तूत आपुलकी शोधणाऱ्यांनी एवढं सांगावं, की मी आजारी असताना दारात डबा घेऊन त्यांच्यापैकी कितीजणी आल्या होत्या.

"पूर्वी सगळं असंच चालायचं, कुणी पैसे मोजत नव्हतं," हा इतिहास तर मला दर वर्षी ऐकवला जातो. तो चुकीचा आहे. पूर्वी उन्हाळ्यात वाड्यातल्या बायका एकीच्या घरी जमून पापड लाटायच्या. पण उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. शेतात इर्जिक असायचं. सगळ्यांचे बैल एकाच्या रानात, त्या दिवशी जेवण त्याचं, आणि पुढच्या खेपेला त्याचे बैल दुसऱ्याच्या रानात. यात पैसा नव्हता, परतफेड मात्र पक्की होती आणि ती विसरणाऱ्याला गाव विसरत नसे. कारागिराचंही तेच. त्रिं. ना. आत्र्यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' उघडून पाहावं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, प्रत्येकाचं बलुतं ठरलेलं आहे. सुगीला खळ्यावर ते धान्यात मिळायचं आणि तो हक्क होता, भीक नव्हती. अर्थात या हक्कात काय काय दडलं होतं, जातीने खालच्या माणसाला तोच हक्क हात पसरून कसा मागावा लागायचा, हे दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली लख्ख दाखवलं, त्यामुळे त्या व्यवस्थेसाठी माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. वेठबिगार तर आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बंद केली, आणि माझ्या साखरेच्या बांगड्यांना त्या शब्दाजवळ नेण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. वेठीला धरलेल्यांनी जे सोसलं ते वेगळंच आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की काहीही परत न देता हाताचं काम घ्यावं, अशी रीत चांगल्या दिवसांत कुठेच नव्हती. ज्यांच्याकडून तसं घेतलं गेलं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, एवढंच.

भाषेत पाहा. कीर्तनकाराला बिदागी, वक्त्याला मानधन, भटजीला दक्षिणा, वकिलाला फी, गवंड्याला मजुरी. मोबदल्याला इतके शब्द असलेली भाषा माझ्यापाशी आली की म्हणते, "हे घे, खाऊला." पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हातात शंभराची नोट दुमडून ठेवतात आणि वर मूठ मिटवतात, कुणी पाहू नये म्हणून. मला खाऊ नको. दर हवा आहे, आणि तो उघड्या हातावर.

बायकांच्या पुरवण्यांमधून या दुखण्यावर एकच औषध छापून येतं. 'नाही' म्हणायला शिका. गोड शब्दांत नकार कसा द्यावा याचे नमुने असतात: सध्या वेळ नाही म्हणा, तब्येत बरी नाही म्हणा, आधीच्या ऑर्डरी आहेत म्हणा. मला या सल्ल्याचा राग येतो. मागणाऱ्याने मागताना जराही अडखळू नये, आणि मी मात्र आरशासमोर उभी राहून नकाराची तालीम करावी, ही कुठली वाटणी? शिवाय ही सगळी उत्तरं खोटी आहेत. मला वेळ असतो. तब्येत ठणठणीत आहे. मी काम करायला तयारच आहे. मी नाही म्हणतच नाही, मी पंधराशे म्हणते. नकार द्यायचा असेल तर तो समोरच्याने द्यावा. त्याचं ओझं त्यांच्याकडे गेलं की बघता बघता संभाषण सरळ होतं. काहीजणी "बरं, मग फक्त बाळाचा कर" म्हणतात आणि आमचे संबंध उत्तम राहतात. काहीजणी रुसतात. त्यांचा रुसवा मी मोजून पाहिला आहे, तो साधारण होळीपर्यंत टिकतो.

खरं सांगायचं तर माझं घर या दागिन्यांवर चालत नाही. हे कळलं की लोकांना हायसं वाटतं. "मग तुला कशाला हवेत गं पैसे?" नेमकं म्हणूनच हवेत. पुण्यात, डोंबिवलीत, बेळगावात अशा बायका आहेत ज्यांची मुलांच्या फीची तजवीज या दोन महिन्यांच्या हंगामावर अवलंबून असते. मी होसकोट्यात बसून नवऱ्याच्या पगाराच्या जोरावर फुकट संच वाटू लागले, तर मी कुणाचा बाजार पाडते? वाटलेल्या प्रत्येक फुकट संचामागे एक न विकलेला संच असतो. आणि ज्या घरात तो फुकट गेला, तिथे पुढच्या वर्षी कुणी गरजू बाई बाराशे म्हणाली की तिला ऐकवलं जातं, "आमची ती होसकोट्याची तर प्रेमाने करते." माझं प्रेम तिच्या पोटावर पाय देणार असेल तर ते मी आवरतं घ्यायला हवं. सुखवस्तू घरातल्या हौशी बायकांनी हे कधीतरी एकमेकींशी बोलायला हवं. हाताच्या कामाचा भाव पाडण्यात मागणाऱ्यांइतकाच 'असू दे गं, राहू दे पैसे' म्हणणाऱ्यांचा हात आहे.

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी वेगळी वाट धरली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत झालं. पापड लाटणं हे तेव्हा प्रत्येक घरात फुकटच होत होतं. त्यांनी फक्त लाटणाऱ्या हाताला दर लावला. अहमदाबादेत इला भट्टांनी १९७२ साली 'सेवा' उभी केली. घरबसल्या काम करणारी बाई कामगारच आहे, हे तिथे सरकारपासून तिच्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगावं लागलं. घरून केलेल्या कामाबद्दल जिनिव्हात १९९६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. बंगळुरूत घराघरांतून अगरबत्त्या वळणाऱ्या बायका हजाराच्या हिशेबाने पैसे घेतात. दर फार कमी आहे, लाज वाटावी इतका कमी, पण दर आहे. त्यांच्या दारात जाऊन "तुझ्या हाताला काय गं, एक हजार वळून दे की" असं म्हणायचं धाडस कुणी करत नाही. शिकलेल्या, नीटनेटक्या, मराठी बोलणाऱ्या घरात मात्र ते सहज होतं, कारण इथे पैशाचं नाव काढणं हाच असभ्यपणा ठरवून ठेवलेला आहे. सभ्यतेची ही व्याख्या कुणाच्या सोयीची आहे हे उघड आहे.

संक्रांतीला इथे एळ्ळु-बेल्ल वाटतात आणि म्हणतात, तीळगूळ खा, चांगलं बोला. आपणही तेच म्हणतो. दोन्ही भाषांत हे सांगणं सगळ्यांना आहे. दागिने करणारीनेच तेवढं गोड बोलावं, असं त्यात कुठे आलेलं नाही. मी यंदाही गोडच बोलणार आहे. बाईचा पूर्ण संच पंधराशे, बाळाचा मुकुट, बासरी, हार आणि बाजूबंद मिळून नऊशे, जावयाचा हार-गुच्छ सहाशे. नारळ वेगळा. घड्याळ मी करत नाही. कुरियरचा खर्च वरून, आणि वाटेत बांगडी फुटली तर दुसरी पाठवीन, तिचे पैसे नाहीत. ज्यांना पैसे द्यायला खरंच अवघड वाटतं त्यांनी सोळा तास यावं, दोन दिवसांत विभागून चालतील. भाजणी भाजून द्यावी, माळ्यावरची भांडी काढून घासावीत किंवा माझ्या सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे रांगेत बसावं. अर्धे पैसे आगाऊ. मार्गशीर्ष संपायच्या आत सांगावं, त्यानंतर पुण्याहून चांगला हलवा मिळत नाही. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, त्यामुळे बाळांच्या आयांनी घाई करू नये.